वंशावळीत नसलेली पणजी

(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला आधी सांगितलं होतं, "तू आयटीत आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, एआयवरचे फॉरवर्ड आपल्या ग्रुपवर रोज येतातच, त्यात माझी भर नको. मला बल्लारपूरबद्दल बोलू द्या. त्यांनी वीस मिनिटं दिली आहेत. घड्याळ समोर ठेवलंय.

आठवतं का, भूगोलाच्या पेपरात पाच मार्कांचा प्रश्न हमखास असायचा: 'चंद्रपूर जिल्ह्यातील खनिज संपत्तीची माहिती लिहा.' आपण घडाघडा लिहायचो. कोळसा वरोरा, घुग्घुस, बल्लारपूर, सास्ती, लोखंड लोहारा, तांबं ठाणेवासना. पेपर मिलचा भोंगा झाला की सायकल काढायची आणि वाळत घातलेल्या कपड्यांवरची काळी भुकटी झटकत घरी जायचं. त्या पाच मार्कांच्या उत्तरात आपल्या घरातलं माणूस असू शकतं, असं मला तरी कधी वाटलं नाही. शाळेच्या फॉर्मवर 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी दहा वर्षं 'नोकरी' एवढंच लिहिलं. बाबा कॉलरीत हाजरी बाबू होते. वर्गातल्या निम्म्या मुलांचे वडील कॉलरीत नाहीतर मिलमध्ये होते, त्यामुळे त्यात सांगण्यासारखंही काही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीच्या, म्हणजे चुलतभावाच्या मुलीच्या, इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी जात पडताळणीचं प्रकरण केलं. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी हे सोसलेलं आहे, त्यामुळे समजावून सांगत नाही. ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचे पुरावे लागतात. आमच्याकडे होते, पण एका कागदावर 'लोहार' आणि दुसऱ्यावर 'खाती'. त्यावर त्रुटी निघाली. आणखी जुनं काही आणा, असं पत्र आलं. भाऊ नोकरीत अडकलेला, म्हणून काम माझ्याकडे आलं. घरात सगळ्यांचा असा समज आहे की कॉम्प्युटरवालीला सगळं सापडतं.

आमच्या घरात दोन गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या जायच्या. पहिली: आपण मूळचे लोहाऱ्याचे, भट्टीवाले. म्हणजे घणाने विळे-कोयते करणारे नव्हे, तर दगडातून लोखंड काढणारे. दुसरी गोष्ट आजी सांगायची आणि ती कुणी फारशी मनावर घेत नसे. तिच्याकडे नंतर येते.

पहिल्या गोष्टीला पुरावाही होता. आमच्या देवघरात एक काळसर, मुठीएवढा पण हातात घेतला की दचकायला होईल इतका जड दगड आहे. खांडेनवमीला हातोडा, सांडशीबरोबर त्यालाही हळदकुंकू लागतं. 'खापरपणजोबांच्या भट्टीतला आहे,' असं सांगितलं जायचं.

मला ही गोष्ट खूप आवडायची, हे आधीच कबूल करते. पुण्यात कुणी विचारलं की मी सांगायची, आमचे पूर्वज लोखंड गाळायचे. त्यामुळे भाचीच्या कामापेक्षा जास्त उत्साहाने मी या भट्टीच्या मागे लागले.

पहिला धडा नावांचा. 'चंद्रपूर' शोधलं तर जुन्या पुस्तकांत काहीच सापडत नाही, 'चांदा' शोधावं लागतं. बल्लारपूर कुठे बल्लाळपूर आहे, तर रेल्वेत बल्हारशाह. सिरोंचा १८७४ पर्यंत अप्पर गोदावरी नावाच्या वेगळ्याच जिल्ह्यात होतं. नदीपलीकडचं राजुरा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, म्हणजे समोर दिसणारी सास्ती कागदोपत्री निजामाच्या मुलखात. आपण स्वतः १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात, आणि गडचिरोली वेगळा जिल्हा झाला तो २६ ऑगस्ट १९८२ ला. सरकारं बदलली, कपाटं बदलली, पण माणसं त्याच गावात राहिली. आणि लोहारा? चंद्रपूरहून मूलकडे जाताना लागतो तो एक लोहारा. लोखंडाच्या दगडाचा लोहारा दुसरा, सिंदेवाहीकडचा. दोन महिने मी चुकीच्या गावाचे कागद वाचत होते. ऑफिसात ज्युनिअर मुलांना मी ज्या चुकीबद्दल ओरडते, तीच चूक.

खऱ्या लोहाऱ्याबद्दल मात्र भरपूर वाचायला मिळतं, आणि ते आपल्याला भूगोलात कुणी शिकवलं नाही. १८८२ मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोखंडावरचा अहवाल प्रसिद्ध झाला. तो जमशेटजी टाटांच्या वाचनात आला. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल १८७७ पासून चालू होती, त्यामुळे हा मुलूख त्यांना परका नव्हता. लोहाऱ्याचा दगड उत्तम, आणि वरोऱ्याला सरकारी कोळसा खाण चालू झालेली. हा कोळसा त्यांनी जर्मनीत तपासून घेतला. पोलादाच्या भट्टीला लागतो तसा कोक त्याचा होईना. वीसेक वर्षांनी, १९०४ च्या सुमारास, त्यांचे चिरंजीव दोराबजी आणि सी. एम. वेल्ड हे अमेरिकन भूगर्भशास्त्रज्ञ पुन्हा आपल्या जंगलात बैलगाड्यांनी फिरले. दगड चांगला, पण साठा थोडा आणि जवळ योग्य कोळसा नाही, असं ठरलं. आम्ही हे सोडतोय, हे सांगायला दोराबजी नागपूरला गेले. वाट बघत असताना समोरच्या संग्रहालयात शिरले, तर तिथल्या नकाशावर त्यांना दुर्ग जिल्ह्यातलं लोखंड दिसलं. शेवटी कारखाना निघाला साकचीला, कंपनीची स्थापना १९०७ ची. आपल्या जिल्ह्याचं जमशेदपूर व्हायचं राहिलं, असं म्हणायला हरकत नाही. ते झालं असतं तर आपली ताडोबा सफारी राहिली असती का, हा वेगळा प्रश्न. आता सव्वाशे वर्षांनी एटापल्लीच्या सुरजागडचं लोखंड ट्रक भरभरून जातंय, त्याबद्दल गडचिरोलीतले आपले मित्र माझ्यापेक्षा जास्त सांगू शकतील.

आता यात आमचे भट्टीवाले कुठे? गावोगावच्या मातीच्या भट्ट्यांचा उल्लेख असतो, ओळ-दोन ओळी. लाकडाचा कोळसा, चामड्याचे भाते, दिवसभर फुंकून शेवटी एक गोळा लोखंड. मग एकीकडे १८७८ च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव झाली, कोळशासाठी लाकूड तोडणं गुन्हा झाला. दुसरीकडे १८६७ ला रेल्वे नागपूरपर्यंत आली आणि तिच्याबरोबर विलायती लोखंड बाजारात आलं. भट्ट्या विझल्या. साहेबांची नावं छापलेली आहेत, दगडात लोखंड किती टक्के तेही आहे. भट्टी फुंकणाऱ्याचं नाव एकाही पानावर नाही.

म्हणून मी तहसिलीच्या अभिलेख कक्षाकडे वळले. आपल्याकडे जुन्या मध्य प्रांताची एक चांगली ठेव आहे: कोतवाल पंजी. गावचा कोतवाल जन्म-मृत्यू नोंदवायचा. तारीख, नाव, बापाचं नाव, जात. नक्कल मागायला अर्ज करायचा आणि थांबायचं. तिसऱ्या खेपेला मला खापरपणजोबांचं नाव सापडलं, जात 'खाती'. मी तिथेच उड्या मारायच्या बेतात होते. मग पुढची पानं उलटली. आडनाव कुणालाच नाही. तेच नाव, तीच जात, बापाचं नावही तेच, असे तीन वेगवेगळ्या गावांत तीन जण निघाले. त्यातला आमचा कोणता? कदाचित एकही नाही. डेटाबेसमध्ये प्रायमरी की नसली की काय होतं, हे मी रोज बघते. इथे माझेच पूर्वज त्यात अडकले होते.

राहिला दगड. भट्टीतला असेल तर ती मळी हवी, म्हणजे वितळून वाहिलेली, भोकं पडलेली. भूगर्भशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापकांनी फोनवर साधी युक्ती सांगितली: बाथरूमच्या टाइलची मागची, खडबडीत बाजू घ्या आणि दगड त्यावर घासा. आईला न सांगता केलं, कारण देवघरातली वस्तू. रेघ उमटली लालतपकिरी. म्हणजे तो भट्टीतून निघालेला नव्हता, कच्चा हेमॅटाइट होता. लोखंडाचा दगड खरा, पण भट्टीत कधी न गेलेला. भट्टीवाला माणूस आठवण म्हणून कच्चा दगड ठेवील की गाळलेलं लोखंड? की हा साहेबांच्या नमुन्यांच्या पेट्या वाहणाऱ्या कुणाचा? की जड आणि काळा म्हणून नदीकाठी सापडलेला देव? एका मामेभावाने तर सुचवलं की आपण वैरागडचे हिरेवाले असू, आइन-ए-अकबरीत तिथल्या हिऱ्यांच्या खाणीचा उल्लेख आहेच. त्याला म्हटलं, मग हिरा कुठे आहे ते आधी सांग.

तात्पर्य, दीड वर्षाच्या शोधानंतर भट्टीच्या नावापुढे मी माझ्या वहीत 'सिद्ध नाही' असं लिहिलं. लिहिताना वाईट वाटलं.

आता आजीची गोष्ट. आजी, म्हणजे बाबांची आई, २००९ ला गेली. ती तिच्या सासूबद्दल, माझ्या पणजीबद्दल, एकच गोष्ट सांगायची: "माही सासू कोरस्यात जाये. मंग बंद झालं. मंग लढाईत पुन्हा बलावलं. मंग पुन्हा बंद झालं." आम्ही पोरं हसायचो. कोळशाच्या खाणीत बायका खाली उतरत नाहीत, हे कॉलरीतल्या प्रत्येक पोराला माहीत. बाबा तर विषयच बदलायचे. आजीच्या डोक्यात काहीतरी गोंधळ झालाय, असंच सगळ्यांनी धरलं होतं.

गोंधळ आमच्या डोक्यात होता. खाणकायद्यांचा इतिहास वाचताना मला तारखा दिसल्या. पूर्वी बायका नवऱ्याबरोबर जमिनीखाली उतरायच्या, त्याने कोळसा फोडायचा, तिने टोपलीने टबात भरायचा. १९२९ मध्ये नियम झाला की बायकांना खाली काम नको. पण मध्य प्रांत, बंगाल, बिहारच्या कोळसा खाणींत एकदम बंद न करता दर वर्षी संख्या कमी करत न्यायची. १९३७ पर्यंत पूर्ण बंदी झाली. मग दुसरं महायुद्ध. कोळसा कमी पडला, मजूर लष्करी कामांवर जाऊ लागले, आणि १९४३ मध्ये सरकारने बंदी उठवली. मध्य प्रांतातही. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. बंदी उठवण्यावर टीका झाली तेव्हा त्यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात सांगितलं की हा युद्धकाळातला नाइलाज आहे, आणि या बायकांना पुरुषांइतकीच मजुरी मिळेल. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

जाये, बंद झालं, लढाईत पुन्हा, पुन्हा बंद. आजीच्या चार वाक्यांचा क्रम जसाच्या तसा. कधी शाळेत न गेलेल्या बाईने भारत सरकारचे सतरा वर्षांचे आदेश बरोबर क्रमाने लक्षात ठेवले होते, आणि इंजिनिअर झालेली नात तिला हसत होती.

तरी हे आजीचं सांगणं झालं. कागद सापडला तो इथे, याच आवारात. आपल्या शाळेच्या आधी इथे जी प्राथमिक शाळा होती, तिची काही दाखल-खारिज रजिस्टरं आपल्या मुख्याध्यापकांच्या मागच्या कपाटात आहेत. सरांनी परवानगी दिली, आणि शिपाईकाकांनी वाळवी झटकत ती काढून दिली. मी आबाजींचं, म्हणजे आजोबांचं नाव शोधत होते. ते नव्हतंच, ते शाळेत गेलेच नसावेत. पण त्यांच्या धाकट्या भावाचं होतं. जुलै १९४४. जात: लोहार. पालकाचं नाव या रकान्यात सगळीकडे बापांची नावं, आणि या एका ओळीत बाईचं नाव. त्यापुढे 'बेवा'. धंदा: 'कॉलरी मजुरी'.

ते नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं. घरात तिला सगळे 'म्हातारी माय' म्हणायचे. नाव कुणालाच माहीत नव्हतं. इथेही सांगत नाही, बाबांना ते सभेत नको आहे.

नक्कल घेऊन बाबांकडे गेले. बाबा आता ऐंशीच्या घरात आहेत. तीस वर्षं त्यांनी कॉलरीच्या रजिस्टरात दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावल्या. त्यांनी चष्मा लावला, ती ओळ वाचली, आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "कानामागचं काळं जायचं नाही तिचं. कितीही धुतलं तरी." बाबा दहा वर्षांचे असताना ती वारली. तिच्या खोकल्याने ते रात्री जागे व्हायचे, हेही त्यांनी तेव्हाच पहिल्यांदा सांगितलं. मग मी विचारलं की इतकी वर्षं का बोलला नाहीत. आत्यांची लग्नं जुळवताना कुणीतरी म्हटलं होतं, यांची म्हातारी पुरुषांबरोबर अंधारात उतरायची. त्यानंतर आबाजींनी घरात तो विषय बंद केला आणि सगळ्यांना भट्टीची गोष्ट सांगायला सुरुवात केली. निदान बाबांना असं आठवतं. भट्टीची गोष्ट त्याआधीही होती की नव्हती, हे आता विचारायला कुणी उरलेलं नाही.

म्हणजे ज्या गोष्टीवर मी मिरवत होते, ती कदाचित दुसरी गोष्ट झाकायला पुढे केलेली होती. हे पचायला मला वेळ लागला. आबाजींचा राग आला, मग तोही गेला. पोरींची लग्नं व्हायची होती, आणि लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही.

१९४४ ची ती नक्कल प्रकरणाला जोडली. त्यावर 'लोहार' स्पष्ट होतं आणि नातं सिद्ध करणारे बाकीचे कागद होतेच. भाचीला वैधता प्रमाणपत्र मिळालं, ती आता तिसऱ्या वर्षाला आहे. मायनिंगला नाही, कॉम्प्युटरलाच.

पण एक गंमत, गंमत म्हणावी की नाही मला माहीत नाही. प्रकरणाबरोबर प्रतिज्ञापत्रावर वंशावळ द्यावी लागते. वर खापरपणजोबा, त्यांच्याखाली पणजोबा, मग आजोबा, काका, वडील, भाऊ, शेवटी अर्जदार. रेघा ओढून सगळे पुरुष. ज्या एका नोंदीवर प्रकरण उभं राहिलं, ती नोंद करायला मुलाचा हात धरून शाळेत आलेली बाई त्या कागदावर कुठेच नाही. ती त्या वर्षी दिवसपाळीला खाली होती की रात्रपाळीला, कोण जाणे. पण मुलाला शाळेत घालायला वरोऱ्यावरून, नागपूरवरून कुणी आलं नव्हतं, ती स्वतः आली होती. मी वकिलांना विचारलं, पणजोबांच्या शेजारी तिचं नाव टाकू का? ते म्हणाले, "मॅडम, फॉरमॅट बिघडवू नका, पुन्हा त्रुटी निघेल." नाही बिघडवला. घरच्या प्रतीवर बाबांनी आपल्या हाताने, पेनाने, पणजोबांच्या शेजारी नाव लिहिलं. हजेरीच्या रजिस्टरात लिहायचे तशा अक्षरात.

देवघरातला दगड अजून तिथेच आहे. आईला टाइलची गोष्ट सांगितली, तेव्हा तिने मला दोन दिवस ऐकवलं. या खांडेनवमीलाही त्याला हळदकुंकू लागलं.

वेळ संपत आलीय, म्हणून कामाचं बोलते. त्या कपाटात अशी सात रजिस्टरं आहेत. दोनांची पानं एकमेकांना चिकटली आहेत, एकाचा मागचा भाग वाळवीने खाल्ला आहे. त्यांत आपल्यापैकी कितीतरी जणांचे आजोबा, चुलत आजोबा असतील. नदीपलीकडून आलेले तेलुगू, छत्तीसगढी, उत्तरेकडून आलेले, लाकूड डेपोवरचे, मिल उभारायला आलेले. पुढचे दोन रविवार मी इथेच आहे. मुख्याध्यापकांनी वरची खोली दिली आहे. बऱ्यापैकी कॅमेऱ्याचा मोबाइल, एक टेबल लॅम्प आणि मऊ ब्रश एवढं लागेल. मोडी वाचता येणारं कुणी असेल तर फारच चांगलं, दोन-तीन शेरे मोडीत आहेत. पानं ओल्या हाताने उलटायची नाहीत आणि नावं मोबाइलवरून ग्रुपवर टाकायची नाहीत, ती ज्याच्या त्याच्या घरी जाऊन दाखवायची. सकाळी दहाला या. चहाची सोय आपल्या वर्गमैत्रिणीने, जिचं मागच्या गल्लीत घर आहे, तिने घेतली आहे.